विद्यापीठ नक्की कोणाचं ऐकतं?

यावेळी आलेली बरीचशी पत्रं विद्यापीठांच्या कारभारावरच आहेत, म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात घेऊ.

प्रश्न : आमचं विद्यापीठ राज्याच्या कायद्याने झालेलं, पगाराचं अनुदान राज्य देतं, कुलपती राज्यपाल. मग यूजीसीचं (विद्यापीठ अनुदान आयोगाचं) काही आलं की सगळे त्याच्यामागे का धावतात? शेवटचा शब्द कोणाचा? (निवृत्त प्राध्यापक, सोलापूर)

सर, आधी एक गोष्ट बघायची, आपलं विद्यापीठ कोणत्या कायद्याने जन्माला आलंय. वर्ध्याचं महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विद्यापीठ संसदेच्या कायद्याने झालं, ते केंद्रीय, तिथे राष्ट्रपती कुलाध्यक्ष असतात. मुंबई, पुणे, सोलापूर, कोल्हापूर, अमरावती, नांदेड ही सगळी महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम २०१६ खाली चालतात, हा कायदा १ मार्च २०१७ पासून लागू आहे. कृषी विद्यापीठं आणि नाशिकचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ यांचे कायदे आणखी वेगळे.

आता केंद्र मध्ये कुठून येतं, तर थेट राज्यघटनेतून. विद्यापीठ स्थापन करणं हा राज्यसूचीतला विषय आहे पण उच्च शिक्षणाचा दर्जा ठरवणं आणि त्यात समन्वय ठेवणं ही केंद्रसूचीतली ६६ नंबरची नोंद, ती पहिल्यापासून केंद्राकडेच आहे. शिक्षण हा एरवी राज्याचा विषय होता, तो १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने समवर्ती सूचीत गेला, म्हणजे आता दोघंही कायदा करू शकतात आणि दोघांचं जुळलं नाही तर साधारणपणे केंद्राचं चालतं. दर्जाचं काम करायला १९५६ चा यूजीसी कायदा आहे आणि त्याच्या कलम २६ खाली यूजीसी विनियम, म्हणजे तपशिलाचे नियम, काढते.

पण यूजीसीकडून आलेला प्रत्येक कागद म्हणजे कायदा नाही आणि माझ्या मते सगळा गोंधळ इथेच होतो. विनियम राजपत्रात छापून संसदेपुढे ठेवले जातात, त्यांचं वजन मोठं. साधं परिपत्रक किंवा 'अशी विनंती आहे' छापाचं पत्र त्या तोलाचं नसतं. २०१५ मध्ये मदुराई कामराज विद्यापीठाच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने म्हटलं होतं की राज्याने स्वीकारले नसतील तर ते विनियम राज्य विद्यापीठांवर आपोआप बंधनकारक होत नाहीत. पुढे वारं बदललं. मार्च २०२२ मध्ये गुजरातच्या सरदार पटेल विद्यापीठाच्या कुलगुरूंची नेमणूक रद्द झाली, कारण ती यूजीसीच्या निकषांत बसत नव्हती, आणि राज्याचा कायदा व विनियम यांची टक्कर झाली तर विनियम वरचढ असं कोर्टाने स्पष्ट सांगितलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये केरळच्या तंत्रज्ञान विद्यापीठातही तेच झालं, तिथे शोध समितीने तीन ते पाच नावांऐवजी एकच नाव पाठवलं होतं.

आणि आपल्याकडचं उदाहरण तर सगळ्यांना आठवत असेल, कोविडमध्ये २०२० साली राज्याने शेवटच्या वर्षाच्या परीक्षा नकोत असं ठरवलं, यूजीसी म्हणाली घ्याच, मुलं आणि पालक तीन महिने लटकले, शेवटी २८ ऑगस्टला सुप्रीम कोर्टाने निकाल दिला की साथीमुळे राज्य परीक्षा पुढे ढकलू शकतं, तारीख वाढवून मागू शकतं, पण परीक्षा न घेता पदवी द्या असं सांगू शकत नाही. बघा, या एका निकालात अख्खी वाटणी दिसते. पदवीचा दर्जा केंद्राच्या हातात, रोजचा कारभार आणि माणसांच्या जिवाची काळजी राज्याच्या हातात. मला ही वाटणी मुळात योग्य वाटते. पण केंद्राने दर्जाच्या नावाखाली रोजच्या कारभारात हात घालायचा नाही आणि राज्याने नियम धाब्यावर बसवून आपली माणसं बसवायची नाहीत, हे दोन्ही पाळलं गेलं तरच ती टिकेल.

प्रश्न : परीक्षा संपून सत्तर दिवस झाले, निकाल नाही. कॉलेज म्हणतं विद्यापीठाला विचारा, विद्यापीठात फोन कोणी उचलत नाही. आम्ही करायचं काय? (तृतीय वर्ष बीकॉम, अमरावती)

तुझ्या बाजूने सरळ कायदा आहे, तो आधी वाच. २०१६ च्या अधिनियमातलं कलम ८९ सांगतं की शेवटच्या पेपरपासून ३० दिवसांत निकाल लावायचा प्रयत्न करायचा आणि काहीही झालं तरी ४५ दिवसांच्या पुढे जायचं नाही. गेलंच तर उशीर का झाला त्याचा सविस्तर अहवाल कुलपती आणि राज्य सरकारला द्यावा लागतो. हे नुसतं कागदावरचं समजू नका, २०१७ मध्ये मुंबई विद्यापीठात ऑनलाइन पेपर तपासणीमुळे निकाल महिनोन्महिने रखडले आणि त्यात कुलगुरूंना पदावरून जावं लागलं, राज्यपालांनी कुलपती म्हणून तो आदेश काढला होता.

आता तू काय करायचं, तर तोंडी विचारणं बंद कर. यूजीसीचे २०२३ चे विद्यार्थी तक्रार निवारण विनियम आहेत, त्याप्रमाणे प्रत्येक संस्थेत तक्रार निवारण समिती हवी आणि वेळापत्रकापेक्षा निकालाला उशीर हा तक्रारीचा विषय म्हणून त्यात लिहिलेलाच आहे. समितीने १५ कामाच्या दिवसांत अहवाल द्यायचा. समाधान झालं नाही तर निर्णय मिळाल्यापासून १५ दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालाकडे अपील करता येतं, तो निवृत्त कुलगुरू, ज्येष्ठ निवृत्त प्राध्यापक किंवा माजी जिल्हा न्यायाधीश असतो. सोबत आरटीआयचा अर्ज टाक, दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावून, आणि एवढंच विचार की कलम ८९ खालचा उशिराचा अहवाल कोणत्या तारखेला पाठवला, त्याची प्रत द्या. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. एकटीने नको, वर्गातल्या दहा-पंधरा जणांनी वेगवेगळे अर्ज टाका. आणि निकाल लागल्यावर मार्क पटले नाहीत तर आपली तपासलेली उत्तरपत्रिका आरटीआयखाली बघायचा हक्क सुप्रीम कोर्टाने २०११ मध्येच मान्य केलाय, तोही लक्षात ठेव.

प्रश्न : आमच्या विभागात कायम शिक्षक दोनच उरलेत, बाकी सगळं सीएचबीवर (तासिका तत्त्वावर). विद्यापीठ स्वायत्त म्हणवतं ना, मग स्वतः पदं का भरत नाही? (विद्यार्थी, नांदेड)

कारण पैशाच्या बाबतीत ते स्वायत्त नाहीये. अधिनियमाच्या कलम ८ प्रमाणे राज्याच्या पूर्वमंजुरीशिवाय विद्यापीठाला नवीन पद तयार करता येत नाही, पगार-भत्ते वाढवता येत नाहीत, जमीन विकता किंवा भाड्याने देता येत नाही. अभ्यासक्रम विद्या परिषद ठरवणार, पण तो शिकवणारा माणूस घ्यायचा की नाही हे मंत्रालयात ठरणार. दुसरीकडे यूजीसीचे २०१८ चे विनियम म्हणतात की कंत्राटी शिक्षक अगदी गरज असेल तरच घ्या आणि एकूण पदांच्या १० टक्क्यांच्या वर जाऊ नका. म्हणजे एक कायदा दर्जा मागतो आणि दुसऱ्या कायद्याने पैशाची चावी ज्याच्याकडे आहे तो ती फिरवत नाही, आणि या दोघांच्या मध्ये तासावर पगार घेणारे नेट-सेट या पात्रता परीक्षा पास झालेले, पीएचडी झालेले लोक वर्षानुवर्षं पिचतायत. हे मला अन्यायाचंच वाटतं आणि ते असंच चालू राहिलं तर दर्जाच्या कितीही समित्या आल्या तरी वर्गात काही बदलणार नाही.

तुमच्या हातात काय आहे तर अधिसभा, म्हणजे सिनेट. तिच्यात नोंदणीकृत पदवीधरांमधून १० जण निवडून जातात, बजेट तिथे मांडलं जातं, सदस्यांना प्रश्न विचारता येतात. पण पदवी मिळाली म्हणून आपोआप मतदार होत नाही, नोंदणी करावी लागते आणि बहुतेक जण ती करतच नाहीत. पदवी झाली की पहिलं हे काम करा, मग मत मागायला येणाऱ्याला विचारा की रिक्त पदांवर मागच्या पाच वर्षांत किती प्रश्न टाकलेत.

प्रश्न : मुलाने ॲडमिशन रद्द केली, कॉलेज फी देत नाही आणि ओरिजिनल सर्टिफिकेटंही अडवून ठेवलीयत. (पालक, जळगाव)

ओरिजिनल अडवता येत नाहीत, यूजीसीची २०१८ ची अधिसूचना आहे, तपासायची आणि लगेच परत द्यायची. फीचं असं, प्रवेशाच्या शेवटच्या तारखेच्या १५ दिवस आधी रद्द केलं तर पूर्ण, त्यानंतर पण तारखेच्या आत ९० टक्के, तारीख उलटून १५ दिवसांपर्यंत ८० टक्के, तीस दिवसांपर्यंत ५० टक्के, नंतर काही नाही. पूर्ण परताव्यातून ५ टक्के कापता येतात, तेही जास्तीत जास्त ५००० रुपये. पुढच्या काही वर्षांत यूजीसीने यापेक्षा सवलतीच्या तारखा जाहीर केल्यात, तुमच्या वर्षाचं पत्र शोधा. सीईटीच्या केंद्रीय प्रवेशातून गेला असाल तर त्यांचे नियम वेगळे, ते आधी बघा.

प्रश्न : पीएचडीचं पाचवं वर्ष, मधे बाळंतपण झालं. गाईड म्हणतात मुदत संपत आली. (संशोधक, छत्रपती संभाजीनगर)

घाबरू नका. २०२२ च्या पीएचडी विनियमांत मुदत सहा वर्षं आहे, वर दोन वर्षं वाढ मिळू शकते आणि स्त्रियांना त्याहून आणखी दोन. शिवाय संपूर्ण पीएचडीच्या काळात २४० दिवसांपर्यंत प्रसूती किंवा बालसंगोपन रजा देता येते. तुमची नोंदणी २०२२ च्या आधीची असेल तर २०१६ चे विनियम लागतील, त्यातही स्त्रियांची जादा दोन वर्षं आणि ही रजा आहे. अर्ज गाईडकडे तोंडी नको, संशोधन केंद्रामार्फत विद्यापीठाच्या पीएचडी विभागाला लेखी द्या, बाळाच्या जन्मदाखल्याची प्रत जोडा, आणि आवक नंबर घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.