नाईट शिफ्टला कामगारांना शिस्त कशी लावावी?

तुम्ही लिहिलंय की वाळूजला (छत्रपती संभाजीनगरजवळची एमआयडीसी) नुकतेच नाईटचे इनचार्ज झालात, पोरं तीननंतर मशीनवरच पेंगतात, मोबाईल घेऊन बसतात आणि मेमोचा (लेखी ताकिदीचा) काही उपयोग होत नाही. मी वाळूजच्याच एका प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबून पार्ट काढणाऱ्या मशीनवर, १८ वर्षं काढली, त्यातली ९ शिफ्ट इनचार्ज म्हणून.

मेमो मीही भरपूर वाटले. एका जूनमध्ये पहाटे साडेतीनला राउंड मारताना एका प्रेसपाशी थबकलो. जुनी प्रेस होती. दोन्ही बटणं दोन्ही हातांनी एकदम दाबायची, म्हणजे हात डायखाली (पत्र्यावर आदळणाऱ्या साच्याखाली) राहत नाहीत. पठ्ठ्यानं डाव्या बटणात रबराची पट्टी खोचून ते दाबून ठेवलं होतं, उजव्या हातानं मशीन चालवत होता आणि डोळे मिटत होते. मशीन बंद करून मेमो लिहायला बसलो, तेव्हा विचारलं, "दिवसा झोपलास का?" गडी गंगापूर तालुक्यातला. मृगाचा पाऊस झालेला. सकाळी सातला सुटून गावी जायचा, दिवसभर सरकी लावायचा आणि रात्री अकराला परत ड्युटीवर. तिसरा दिवस होता तो.

त्या दिवसापासून मी शिफ्ट सुरू होतानाच प्रत्येकाला विचारू लागलो, झोप किती झाली. चार तासांच्या खाली असेल त्याला प्रेसवर उभं करायचं नाही, पॅकिंगला लावायचं. खरं सांगितलं म्हणून कुणाचा पगार कापायचा नाही, हे मात्र पाळावंच लागतं, नाहीतर दुसऱ्या दिवसापासून सगळे "आठ तास" म्हणतात. सेकंड शिफ्ट करून लगेच थर्डला, म्हणजे रात्रीच्या शिफ्टला, डबल मारणं बंद केलं. त्यावरून प्रॉडक्शनवाल्यांशी खूप वाजलं. पेरणी आणि कापूस वेचणीच्या रजा आधीच लिहून घ्यायला लागलो.

पहाटे तीन ते पाचच्या सुमारास शरीराचं तापमान सगळ्यात खाली असतं, तेव्हा झोप आवरणं कुणालाही जड जातं. सलग पाच तासांपेक्षा जास्त काम नको, मध्ये अर्धा तास सुट्टी हवी, हे १९४८ च्या कारखाना कायद्यातच होतं (२०२५ मध्ये त्याची जागा नव्या कामगार संहितेनं घेतली). ती सुट्टी पूर्ण द्या, वर साडेतीनला चहा लाईनवर आणा. आणि त्या दोन तासांत तुम्ही स्वतः केबिनमध्ये बसू नका.

माफी तीन गोष्टींना नाही : सेफ्टी बायपास करणं, पिऊन येणं आणि चालू मशीन सोडून जाणं. तिथं परमनंट असो की कॉन्ट्रॅक्टरचा, चार्जशीट (कंपनीचं लेखी आरोपपत्र) आणि चौकशी रीतसर व्हायलाच हवी. चारचौघांत शिवीगाळ करू नका.

मोबाईल मी लॉकरमध्ये ठेवायला लावले, पण आधी डिपार्टमेंटचा नंबर प्रत्येकाच्या घरी दिला. एकाची बायको बाळंतपणाला आली होती, तिचा फोन आला तो मीच उचलला आणि त्याला लगेच गेटपास दिला. त्यानंतर मोबाईलवरून माझ्याशी कुणी हुज्जत घातली नाही.