माळ्यावर सापडलेली ८ मिमी रिळं कमी खर्चात डिजिटल कशी करावीत?

तुमच्या गुहागरच्या घरी आजोबांची रिळं सापडली आणि ती जुन्या प्रोजेक्टरवर लावून बघू का, असं विचारलंय. कृपा करून लगेच लावू नका. आकसलेली फिल्म दात्यांत अडकून फाटते, दिव्यापुढे थांबली तर जळतेही.

आधी डबा उघडून वास घ्या. व्हिनेगरसारखा आंबूस वास म्हणजे ॲसिटेट फिल्म कुजायला लागली आहे. आपल्या कोकणातल्या दमट हवेत हे फार वेगानं होतं, आणि बाकीच्या रिळांनाही त्याची बाधा होते. असं रीळ वेगळं ठेवा, डिजिटल करायला पहिला नंबर त्याचा. बुरशी दिसली तर पाणी अजिबात लावू नका.

मग फिल्मच्या कडेची भोकं बघा. बारीक भोकं फ्रेमच्या (फिल्मवरच्या एकेका चित्राच्या) मध्यावर असतील तर सुपर ८ (१९६५ नंतरची), मोठी आणि दोन फ्रेमच्या मधे असतील तर रेग्युलर ८. सुपर ८ चं ५० फुटी रीळ सेकंदाला १८ फ्रेमनं जेमतेम ३ मिनिटं २० सेकंद चालतं, म्हणून स्कॅनिंगचा दर रिळावर नको, फुटावर ठरवा.

खराब रिळं तेवढी फ्रेमवार (एकेक चित्र वेगळं टिपणाऱ्या) स्कॅनिंगला द्या. धडधाकट असतील ती घरी पांढऱ्या कागदावर दाखवून कॅमेऱ्यानं टिपा. प्रोजेक्टरचं शटर तीन पात्यांचं असेल तर त्याचा वेग सेकंदाला १६.६७ फ्रेम, कॅमेरा सेकंदाला २५ फ्रेम आणि कॅमेऱ्याचं शटर १/५० सेकंद ठेवा. लुकलुक जवळपास जाते.

आणि आजी असतील तर त्यांना शेजारी बसवून आवाज रेकॉर्ड करा. कोण कोण दिसतंय, हे त्याच सांगू शकतील.