वाचकांचे प्रश्न : नव्या बाथरूमचा खर्च किती धरावा?

प्रश्न : आमचे घर दुमजली असून बाथरूम फक्त तळमजल्यावर आहे. वृद्ध आईवडिलांना रात्री-अपरात्री जिना उतरावा लागू नये, म्हणून वरच्या मजल्यावरील मोठ्या खोलीचा एक कोपरा घेऊन तेथे 5 फूट बाय 8 फुटांची बाथरूम काढण्याचा विचार आहे. एका ठेकेदाराने चौरस फुटाच्या दराने एकठोक रक्कम सांगितली, तर दुसऱ्याने जवळजवळ तिच्या दुप्पट आकडा दिला. दोघांनीही तपशील दिलेला नाही. खरा अंदाज कसा काढावा?

उत्तर : दोन्ही आकडे तूर्त बाजूला ठेवा, कारण तपशील हाती नसताना त्यांतला कोणता बरोबर हे कोणालाच सांगता येणार नाही. घर बांधताना चौरस फुटाचा दर काही अंशी उपयोगी पडतो. बाथरूमच्या बाबतीत तो हमखास फसवतो. कमोड, बेसिन, शॉवर, गीझर आणि दार यांचा खर्च खोली 40 चौरस फुटांची असो वा 60 चौरस फुटांची, तेवढाच राहतो. भिंतींच्या टाइल्सही क्षेत्रफळाच्या प्रमाणात वाढत नाहीत : 5 बाय 8 ऐवजी 6 बाय 10 ची बाथरूम केली, तर फरशी दीडपट होते, पण भिंतींची एकूण लांबी 26 फुटांवरून 32 फुटांवर, म्हणजे साधारण पाव पटीनेच वाढते. त्यामुळे खोली जितकी लहान, तितका चौरस फुटामागचा खर्च जास्त येतो.

अंदाजाची सुरुवात बहुतेक जण टाइल्सच्या दुकानातून करतात. ती मैलापाण्याच्या पाइपापासून करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. कमोडचा पाइप सुमारे 4 इंच व्यासाचा असतो आणि त्याला साधारण 40 फुटांमागे 1 फूट इतका उतार द्यावा लागतो. आता समजा, आपण निवडलेल्या कोपऱ्यापासून मैलापाण्याचा उभा पाइप 20 फूट लांब आहे. एवढ्या अंतरात उतारापायीच 6 इंच जातात. त्यात पाइपाची स्वतःची जाडी आणि वर फरशीचा थर धरला, तर सुमारे 1 फूट उंचीची जागा लागते. ती मिळवण्याचे दोन मार्ग आहेत. एक तर स्लॅबला भोक पाडून पाइप खालच्या खोलीच्या छताखालून न्यायचा आणि तो झाकण्यासाठी तेथे फॉल्स सीलिंग करायचे, किंवा बाथरूमची फरशीच फूटभर उचलायची.

दुसरा मार्ग ठेकेदारांना सोयीचा वाटतो, कारण खालच्या मजल्याला हात लावावा लागत नाही. पण हिशेब करून पाहा. 40 चौरस फुटांत फूटभर भर म्हणजे 40 घनफूट भराव. तो विटांच्या तुकड्यांचा आणि सिमेंटचा केला, तर त्याचे वजन दोन टनांच्या आसपास जाते. मूळ स्लॅब राहत्या खोलीसाठी बांधलेला असल्याने हा भार त्याला झेपेल की नाही, हे स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये. त्याची फी अंदाजपत्रकात पहिल्या ओळीत लिहावी. हलका भराव वापरून वजन कमी करता येते, पण फूटभर उंच पायरी राहतेच. आईवडिलांना जिना नको म्हणून काढलेल्या बाथरूमच्या दारातच पायरी आली, तर मूळ हेतूवरच पाणी पडेल.

म्हणून कोपरा निवडण्याआधी घराबाहेर जाऊन मैलापाण्याचा उभा पाइप कोणत्या भिंतीवरून उतरतो ते पाहा. त्याच भिंतीला लागून किंवा तळमजल्यावरील बाथरूमच्या बरोबर वर जागा मिळाली, आणि मागच्या बाजूने भिंतीतून बाहेर निघणारा पी-ट्रॅपचा कमोड बसवला, तर स्लॅब न फोडता मैला थेट बाहेरच्या पाइपात जातो. नहाणी ट्रॅपचे, म्हणजे फरशीवरच्या जाळीतून निघणारे, सांडपाणी मात्र फरशीतूनच जाणार. त्याचा पाइप बारीक आणि अंतर कमी असल्याने फरशी थोडीशीच उचलून भागते. आपल्या दोन ठेकेदारांच्या आकड्यांतील तफावतीचे कारण बहुधा येथेच दडलेले असावे : एकाने पाइप कोठून न्यायचा याचा विचार केला असेल, दुसऱ्याने केला नसेल. दोघांनाही हा एकच प्रश्न विचारून पाहा.

एवढे ठरले की उरलेले काम मोजमापाचे आहे. टाइल्सचा हिशेब असा : भिंतींची लांबी 26 फूट, टाइल्सची उंची 7 फूट, म्हणजे 182 चौरस फूट. त्यातून अडीच फूट रुंद दाराचे साडेसतरा आणि 2 बाय 2 च्या खिडकीचे 4 चौरस फूट वजा केले, की साडे-एकशेसाठ उरतात. फरशीचे 40 मिळवले तर 200 चौरस फूट, आणि तुटफूट व कटिंगसाठी दहा टक्के धरले तर 220. टाइल्स तिरप्या लावायच्या असतील, तर कटिंगचा वाया जाणारा भाग पंधरा टक्क्यांपर्यंत धरावा. याच आकड्यांवरून चिकटवण्याचे साहित्य, ग्राउटिंग (टाइल्सच्या सांध्यांतील भरण) आणि मजुरी निघते, त्यामुळे ते ठेकेदाराकडून न घेता स्वतः काढलेले बरे.

प्लंबिंगचा हिशेब पॉइंटवर, म्हणजे पाण्याच्या प्रत्येक जोडणीवर होतो. फ्लशच्या टाकीला एक, जेट स्प्रेला एक, बेसिनला गरम-थंड मिळून दोन, शॉवरच्या डायव्हर्टरला (गरम-थंड पाणी मिसळून शॉवरकडे वळवणाऱ्या नळाला) दोन आणि गीझरला आत-बाहेर असे दोन, म्हणजे आठ पॉइंट झाले. शिवाय वरच्या मजल्यावर पाण्याचा दाब कमी पडतो, ही बाब अंदाजातून हमखास सुटते. टाकीतील पाण्याची पातळी शॉवरपेक्षा 10 मीटर उंच असेल, तर जेमतेम 1 बार दाब मिळतो. गच्चीवरील टाकी 3 मीटरच उंच असेल, तर तो 0.3 बारच्या पुढे जात नाही, आणि चांगल्या दाबावर चालणारे डायव्हर्टर तेथे नुसते थेंबथेंब पाणी देतात. म्हणजे एक तर साधा शॉवर निवडा, किंवा प्रेशर पंपाची रक्कम यादीत घाला. विजेच्या कामात गीझरसाठी वेगळे सर्किट आणि 30 मिलीॲम्पिअरचा आरसीसीबी (वीजगळती होताच प्रवाह तोडणारा स्विच) धरावाच.

काटकसर करायची तर ती टाइल्सच्या दर्जात किंवा नळांच्या कंपनीत करा. वॉटरप्रूफिंग आणि चाचण्यांत करू नका. भिंतीत बुजवलेले पाइप टाइल्स लावण्यापूर्वी दाब देऊन तपासणे, आणि वॉटरप्रूफिंगनंतर फरशीवर 48 तास पाणी साठवून खालचे छत कोरडे राहते का ते पाहणे, या दोन्ही गोष्टी कामाच्या करारात लिहून घ्या. आईवडिलांसाठी कमोडजवळ आणि शॉवरखाली धरायचे दांडे लागतील. ते घट्ट बसण्यासाठी नव्या भिंतीत आधीच मजबूत आधार ठेवावा लागतो, विशेषतः स्लॅबवरचा भार कमी करण्यासाठी आपण हलक्या ब्लॉकच्या भिंती घेणार असाल तर.

मग तोडफोड व राडारोडा हलवणे, दोन नव्या भिंती, प्लंबिंग, वॉटरप्रूफिंग, टाइल्स, फिटिंग, वीज, दार-खिडकी, एक्झॉस्ट फॅन आणि रंग या क्रमाने परिमाणे लिहून तीच यादी तीन ठेकेदारांना द्या आणि प्रत्येक ओळीपुढे दर मागा. एकूण बेरजेवर 15 टक्के राखीव ठेवा. घर फार जुने असेल, तर 20. स्थानिक नियमांनुसार परवानगी लागते का, याची चौकशी काम सुरू करण्यापूर्वी व्हायला हवी, कारण तिची फी आणि लागणारा वेळ दोन्ही आपल्याच माथी येतात.

प्रश्न : सामान स्वतः खरेदी करून ठेकेदाराला फक्त मजुरी दिली, तर बचत होते का?

उत्तर : टाइल्स, नळ, कमोड यांत होते, सिमेंट, वाळू, पाइप आणि जोडणीच्या सुट्या भागांत फारशी होत नाही, उलट एखादा एल्बो (पाइप वळवण्याचा जोड) कमी पडला म्हणून प्लंबर अर्धा दिवस बसून राहतो आणि त्याची मजुरी आपण भरतो. गळती झाली, तर 'तुमचे सामान खराब' आणि 'तुमचे काम खराब' असा वादही ठरलेला असतो. कमोड मात्र पाइप टाकण्यापूर्वीच निवडून ठेवा. एस-ट्रॅपच्या, म्हणजे खाली फरशीत निघणाऱ्या कमोडला भिंतीपासून ट्रॅपच्या मध्यापर्यंत 9 किंवा 12 इंच असे ठरावीक अंतर लागते, आणि ते टाइल लावून पूर्ण झालेल्या भिंतीपासून मोजायचे असते. विटांच्या उघड्या भिंतीपासून मोजले, तर गिलावा आणि टाइल मिळून इंचभर जागा जाते, कमोड बसतच नाही, आणि नवी फरशी पुन्हा फोडावी लागते.

प्रश्न : खोलीतील जागा न घेता घराला लागून बाहेरच्या बाजूस बाथरूम बांधली, तर स्वस्त पडेल का?

उत्तर : सहसा नाही. मैलापाण्याची सोय तेथे सोपी होते हे खरे, पण पाया, तीन बाहेरच्या भिंती आणि छत यांचा खर्च नव्याने करावा लागतो. शिवाय जुन्या आणि नव्या बांधकामाच्या सांध्यातून पाणी मुरू नये याची वेगळी व्यवस्था लागते. घरात खोल्या मुळातच कमी असतील, तरच हा पर्याय विचारात घ्यावा.