सोने मोडले की गहाण ठेवले?

१९९१ मध्ये सरकारने देशाचे सोने विकले, असे घरी ऐकत आलोय. खरे काय?

व्यवहार दोन झाले आणि लोक ते एकात एक मिसळतात. मे महिन्यात, चंद्रशेखर पंतप्रधान असताना, तस्करांकडून जप्त केलेले २० टन सोने स्टेट बँकेमार्फत एका स्विस बँकेला विकले गेले. तेही परत विकत घेण्याची मुभा ठेवून. जुलैत नरसिंह राव सरकार आले होते. तेव्हा रिझर्व्ह बँकेने सुमारे ४७ टन सोने बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ जपानकडे गहाण ठेवून सुमारे ४० कोटी डॉलर उचलले. म्हणजे जुलैतले सोने मोडले नव्हते, तारण दिले होते. ते कर्ज त्याच वर्षी फिटले.

गहाणच होते, तर एवढा गदारोळ का झाला?

आमच्या घरचे सांगतो. विहिरीवरच्या मोटारीसाठी वडिलांनी आईच्या पाटल्या पतपेढीत ठेवल्या. वजन झाले, कापडी पिशवीला लाखेचे सील लागले, हातात पावती आली. आजीला मात्र कोणी बोलले नाही. दोन दिवसांनी भाकऱ्या थापताना तिला आईचे मोकळे मनगट दिसले. तिचा राग पाटल्या गेल्याचा नव्हताच. "मला सांगितलं का नाही?" एवढेच ती विचारत राहिली. पुढे पाटल्या सुटून आल्या, तो प्रश्न मात्र बरीच वर्षे घरात राहिला.

१९९१ मध्ये देशाचे तसेच झाले. आखाती युद्धाने तेल महागले, कुवेतमधल्या आपल्या माणसांकडून येणारा पैसा आटला, अनिवासी भारतीय ठेवी काढून घेऊ लागले. परकीय चलनाची गंगाजळी जेमतेम दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरती उरली. अशा वेळी सोने बाहेर काढायचे नाही, तर ते ठेवायचे कशाला? गहाण ठेवण्याचा निर्णय योग्यच होता, असे माझे स्पष्ट मत आहे. पण मुंबईहून सोन्याची विमाने गुपचूप निघाली आणि बातमी आधी वर्तमानपत्रात फुटली. वाटेत सोने असताना सुरक्षेसाठी गप्प राहणे समजू शकते. पण लोकांना कळायला हवे होते ते सरकारच्या तोंडून.

ब्रिटनने सोने विकून मोठे नुकसान केले म्हणतात. तिथे तर सगळे जाहीर होते ना?

हो, आणि नेमके तेच अंगाशी आले. मे १९९९ मध्ये अर्थमंत्री गॉर्डन ब्राउन यांच्या खात्याने विक्रीची आगाऊ घोषणा केली. एवढा माल बाजारात येणार म्हटल्यावर भाव आणखी पडला. २००२ पर्यंत १७ लिलावांत सुमारे ३९५ टन सोने गेले, म्हणजे साठ्याच्या निम्म्याहून अधिक. सरासरी भाव औंसाला २७५ डॉलरच्या आसपास मिळाला. आज भाव त्याच्या दहापटीहून जास्त आहे.

सरकारची बाजूही ऐकावी. सोन्यावर व्याज मिळत नाही, सगळी पुंजी एकाच जागी अडकवणे धोक्याचे, म्हणून पैसे डॉलर, युरो आणि येनमध्ये गुंतवले. हिशेब कागदावर चुकीचा नव्हता, पुढचा भाव कोणाला दिसतो? मला खटकते ते वेगळेच. ब्रिटनवर अडचण आलेली नव्हती. गरज नसताना, पडत्या भावात, तारीख सांगून निम्मे सोने मोडायचे, याला विरोधकांनी धारेवर धरले ते रास्तच होते.

आपले सोने अजून लंडनला का? गहाण आहे का?

नाही. ते आपल्याच मालकीचे आहे. लंडन ही सोन्याची मोठी बाजारपेठ, तिथल्या तिजोरीत असले की गरजेला लगेच विकता किंवा तारण देता येते. रिझर्व्ह बँकेने २००९ मध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडून २०० टन सोने विकत घेतले. अलीकडे बाहेरचे सोने परत आणणेही चालू आहे. सप्टेंबर २०२४ अखेर साठा सुमारे ८५५ टन होता आणि त्यातले ५१० टन देशातच होते, मुंबई आणि नागपूरच्या तिजोऱ्यांत.