रशियन क्रांतिकाळातल्या नोटा आणि रोखे: गठ्ठा घ्या, शिक्के सोडा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: प्रदर्शनात एका विक्रेत्याने १९१७ ते १९२० मधल्या रशियन नोटांचा गठ्ठा दाखवला, भाव बेताचा. त्यातले चार रोखे (सरकारने कर्ज घेताना दिलेली कागदं) मात्र 'स्थानिक बँकेचा शिक्का, दुर्मीळ' म्हणून वेगळे काढून चढ्या भावात. घ्यावेत का, आणि या नादाला लागायचं तर सुरुवात कुठून करावी?

गठ्ठा घ्या. ते चार रोखे तूर्त सोडा.

असं का म्हणतो ते कळायला ही कागदं कशी जन्माला आली ते बघावं लागेल. १९१४ला युद्ध सुरू झालं आणि लोकांनी सोनं-चांदी तर दडवलीच, पुढे तांब्याची नाणीही बाजारातून गेली. १९१५मध्ये सरकारने रोमानोव्ह घराण्याच्या त्रिशताब्दीची टपाल तिकिटं जाड कागदावर छापली आणि मागे लिहिलं, की हे चांदीच्या चिल्लरीइतकंच चालेल. आपल्याकडे दुसऱ्या महायुद्धात मोरवी, गोंडल, जुनागढ संस्थानांनी चिल्लरीऐवजी कॅश कूपनं काढली, तोच प्रकार. ही तिकिटं आजही स्वस्त मिळतात. एखादं तरी ठेवा.

१९१७ला झार गेला आणि हंगामी सरकारने २० आणि ४० रूबलच्या चिमुकल्या 'केरेन्का' काढल्या. नंबर नाही, सही नाही, तारीख नाही. न कापलेल्या तावांतच हातात यायच्या आणि लोक कात्रीने कापून वापरायचे. त्याच सरकारच्या २५० रूबलच्या नोटेवर स्वस्तिक आहे. आपल्याकडे काही विक्रेते तेवढ्यावरून तिप्पट भाव सांगतात. नोट सुंदर आहे, पण दुर्मीळ अजिबात नाही.

खरी गंमत यानंतरची. यादवी पेटली, राजधानीतून नोटांच्या पेट्या येईनात. पगार तर द्यायचे होते. मग प्रांतातल्या सरकारी बँकेच्या शाखांपुढे, नगरपालिकांपुढे, रेल्वे कंपन्यांपुढे दोनच वाटा उरल्या: स्वतः छापा, नाहीतर तिजोरीत पडलेल्या कागदावर शिक्का मारून त्यालाच पैसा म्हणा. तिजोरीत ढिगाने पडले होते ते हंगामी सरकारच्या १९१७च्या ५ टक्क्यांच्या 'स्वातंत्र्य कर्जा'चे रोखे. त्यातले १०० रूबलपर्यंतचे रोखे १९१८मध्ये बोल्शेविकांनीही चलन म्हणून मान्य केले. व्याजाची कात्रणं, म्हणजे कूपनं, तीही सुटी नोटांसारखी फिरली.

आता हिशेब करा. बिनशिक्क्याचा रोखा पाचपन्नासात मिळतो, शिक्का असलेला त्याच्या वीसपट. शिक्का बनवायला रबराचा तुकडा आणि जांभळी शाई पुरते. म्हणूनच या क्षेत्रात नोटेपेक्षा शिक्का जास्त खोटा असतो. उत्तरेत आर्खांगेल्स्कला जुन्या झारशाही नोटांवर बारीक भोकं पाडून अक्षरं उमटवली होती. सुई असली की तीही घरी जमतात.

मी स्वतः फसलोय. बारा वर्षांपूर्वी असाच एक रोखा घेतला, गोल शिक्का, सही, सगळं झकास. घरी दहापट भिंगाखाली धरला तेव्हा दिसलं, की घडीच्या रेषेवर कागदाचा वरचा थर फाटून आतले तंतू उघडे पडले होते आणि शिक्क्याची शाई त्या तंतूंत उतरली होती. म्हणजे रोखा आधी वर्षानुवर्षं घडी होऊन झिजला आणि मग कुणीतरी शिक्का मारला. १९१८च्या शिक्क्यावरून घडी जायला हवी, घडीवरून शिक्का नव्हे. विक्रेत्याने पैसे परत केले नाहीत. तो रोखा अजून ठेवलाय, नव्या लोकांना दाखवायला.

अतिनील दिव्याचाही उपयोग होतो. त्या काळच्या कागदात चमक आणणारी रसायनं नव्हती, त्यामुळे कागद निळापांढरा पेटला तर तो नंतरचा. पण जुन्याच कागदावर नवा शिक्का असेल तर दिवा काही सांगत नाही, तिथे भिंगच. सैबेरियातल्या याकुत्स्कला वाइनच्या लेबलांवर शिक्के मारून पैसा काढला होता. किस्सा झकास, पण तशी लेबलं कुणी देऊ केली तर हात जोडा.

सुरुवातीला 'संपूर्ण रशिया' करायला जाऊ नका. हजारो प्रकार आहेत, आयुष्य पुरत नाही. एक प्रदेश धरा. माझं मत विचाराल तर दक्षिण. रोस्तोव्हच्या १९१८च्या नोटांवर शंभराला सैबेरियावर स्वारी करणारा कोसॅक येर्माक, अडीचशेला कोसॅक सरदार प्लातोव्ह. बोल्शेविकविरोधी सेनापती देनिकिनच्या बाजूच्या १९१९च्या हजार रूबलवर क्रेमलिनमधली ती प्रचंड घंटा, म्हणून लोक तिला 'घंटी' म्हणत. छपाई चांगली, भाव आवाक्यात, आणि या छापील नोटांना शिक्क्याची भानगड नाही.

उत्तरेत वेगळाच प्रयोग झाला. बोल्शेविकांविरुद्ध तिथे उतरलेल्या इंग्रजांनी अर्थतज्ज्ञ केन्सच्या योजनेनुसार ४० रूबलला एक पौंड असा बांधलेला रूबल काढला. नोटा इंग्लंडहून छापून आल्या त्या झारशाहीची चिन्हं घेऊनच, मग ती झाकायची पाळी आली. यातल्या मोठ्या रकमांना पैसे लागतात.

मध्य आशियात खिवा या जुन्या राज्याच्या, रेशमावर छापलेल्या नोटा. हातात घेतली की नोट वाटतच नाही, रुमाल वाटतो. चलनातून गेल्यावर लोकांनी त्या रजयांत शिवल्या असं सांगतात. आणि आपल्याशी नातं सांगणारी एकच गोष्ट याच भागातली: अश्गाबातला १९१८च्या डिसेंबरात ब्रिटिश फौजेच्या मेजर जनरल मॅलेसनने ब्रिटिश सरकारच्या नावाने ५०० रूबलच्या वचनचिठ्ठ्या काढल्या, तीन महिन्यांनी पैसे देऊ म्हणून. त्याच्या हाताखाली लढत होती १९वी पंजाबी पलटण. मला ती चिठ्ठी अजून मिळालेली नाही.

नोटेवरच्या सालावर मात्र विसंबू नका. १९०९ची पाच रूबलची नोट झार गेल्यावरही छापली जात होती, सोव्हिएत राजवटीतसुद्धा. तिथे मालिकेची अक्षरं बघायची. 'पिक' या जगभरच्या नोटांच्या कॅटलॉगमध्ये प्रादेशिक नोटांच्या क्रमांकाआधी 'एस' असतं. विक्रेता नुसता क्रमांक सांगत असेल तर तेवढं विचारून घ्या.

ठेवायला पीव्हीसीची पाकिटं नकोत, कागद चिकटतो, मुंबईच्या पावसाळ्यात तर नक्कीच. इस्त्री करू नका, खोडरबर लावू नका.

त्या विक्रेत्याशी ओळख असेल तर चारपैकी एखाद्या रोख्याचा, जिथे शिक्का घडीवर आलाय तिथला, जवळून फोटो मागा आणि इथे टाका. पाठीमागचाही. बघून सांगतो.