उन्हाळ्याचा आनंद घेताना मन खाते तेव्हा

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात एक आई समुपदेशनासाठी माझ्याकडे आल्या. वय अडतीस, बँकेत नोकरी, घरी नवरा, सासरे आणि नऊ वर्षांचा मुलगा. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) खुर्चीत बसता बसता त्यांनी मोबाइलवर तापमान पाहिले आणि म्हणाल्या, "मॅडम, सुट्ट्या लागल्यापासून मी मुलाला फारसं घराबाहेर काढलेलं नाही. मागच्या रविवारी तेवढं फुटाळा तलावावर गेलो होतो. तो खळखळून हसत होता आणि माझ्या मनात येत होतं, हा माझ्या वयाचा होईल तेव्हा नागपुरात राहता तरी येईल का? मग त्याच्यासोबत हसायलाही मन खातं."

पहिल्या भेटीत माझ्याकडून चूक झाली. दुपारी बारा ते तीन ऊन टाळा, डोक्याला ओला दुपट्टा बांधा, ताक आणि पन्हे देत राहा, मूल सुस्तावले किंवा बरळू लागले तर वेळ न दवडता दवाखाना गाठा, असे सगळे मी त्यांना सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "हे मला पाठ आहे. भीती याची नाहीच." त्या उन्हाविषयी बोलत नव्हत्या, पुढच्या तीस वर्षांविषयी बोलत होत्या, आणि मी मात्र त्यांना उन्हावरचे उपाय सांगत बसले होते.

घरात त्यांचे ऐकणारे कोणी नव्हते. सासरे म्हणत, "उन्हाळा का आज आला? आम्ही भर मे महिन्यात आमराईत पडून राहत होतो." त्यांचेही खोटे नाही. नागपूरचा उन्हाळा पूर्वीपासून कडकच, नवतपाची, म्हणजे मेअखेरच्या नऊ कडक दिवसांची, धास्ती तर इथे पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. पण 23 मे 2013 रोजी याच शहरात पारा 47.9 अंशांवर गेला होता, आणि 2024 हे जगाचे सरासरी तापमान औद्योगिक काळापूर्वीपेक्षा दीड अंशाहून अधिक वाढलेले पहिले वर्ष ठरले, हेही खरे आहे. 2021 मध्ये भारतासह दहा देशांतील 16 ते 25 वयोगटाच्या दहा हजार तरुणांची पाहणी झाली, तेव्हा त्यांतील 59 टक्के जण हवामानबदलाने अतिशय चिंतित असल्याचे दिसले होते. म्हणून अशा चिंतेला मी आजार म्हणत नाही. ती वाटणे हे जागे असल्याचे लक्षण आहे. मात्र तिच्यामुळे आठवडेच्या आठवडे झोप उडाली, कामात लक्ष लागेनासे झाले किंवा छातीत धडधडू लागले, तर समुपदेशकाची किंवा मनोविकारतज्ज्ञाची मदत घ्यायलाच हवी.

दुसऱ्या भेटीत गाठ सापडली. त्या म्हणाल्या, "मी आनंदात असले की वाटतं, मी गाफील झाले." म्हणजे काळजी हा त्यांच्या मनातला पहारा होता, आणि हसणे म्हणजे पहाऱ्यावर डुलकी लागणे. मी त्यांना काळजी सोडायला सांगितले नाही, तिला वेळ ठरवून द्यायला सांगितले. संध्याकाळी साडेसातला वीस मिनिटे बसायचे, मनात येईल ते वहीत उतरवायचे, हाती घेण्यासारखे एखादे काम दिसले तर त्यापुढे खूण करायची आणि वही मिटायची. दिवसभरात भीतीने डोके वर काढले, तर "साडेसातला बघू" एवढेच स्वतःला सांगायचे. आणि पहाट मात्र मोबाइलशिवाय, मुलासोबत बाहेर घालवायची.

मे महिन्यात नागपुरात साडेपाचच्या सुमारास सूर्य उगवतो, आणि त्यानंतरचा तास-दीड तास या शहराचा उन्हाळा फार देखणा असतो. पुढच्या रविवारी हे तिघे, म्हणजे आई, मुलगा आणि सासरे, ज्यांना घरात आबाजी म्हणतात, सेमिनरी हिल्सच्या टेकडीवर गेले. रस्त्याकडेचा बहावा फुलला होता. खाली पडलेल्या पिवळ्या पाकळ्या मुलाने आईच्या दुपट्ट्यात गोळा केल्या, आणि बहावा फुलला की दीड महिन्यात पाऊस येतो, ही जुनी समजूत आबाजींनी त्याला सांगितली. घरी आल्यावर त्याने कॅलेंडरवर दिवस मोजून एका तारखेभोवती गोल केला. तेव्हापासून गच्चीवर पाखरांसाठी एक मातीचे परळ ठेवलेले असते. सकाळी पाणी भरले की मुलगा आतून खडूने रेघ मारतो आणि संध्याकाळी पाणी किती खाली गेले ते पाहतो. बुलबुलांनी किती प्यायले आणि उन्हाने किती नेले, यावर त्याचा आणि आबाजींचा रोज वाद होतो. हे सांगताना त्या बाई हसल्या आणि या वेळी हसून झाल्यावर मोबाइलकडे वळल्या नाहीत.

मध्यंतरी मुलाने विचारलेच, "आई, मी मोठा होईन तेव्हा आणखी गरम होईल का?" असे काही होणार नाही, अशी खोटी समजूत घालू नका, मुलांना ती लगेच कळते, हे आम्ही आधीच बोललो होतो. त्या म्हणाल्या, "हो, वाढतंय. ते थांबवायला पुष्कळ माणसं काम करताहेत, आपणही करू. आणि मी तुझ्यासोबत आहे." त्याने थोडा विचार करून विचारले, "मग बहाव्याचं बी लावायचं का?" शेंगा वाळून काळ्या झाल्या की बी काढू, असे आबाजींनी कबूल केले आहे.

संध्याकाळची वही अजून चालू आहे. पारा पंचेचाळिशीपुढे गेला त्या रात्री त्या तीन वाजता दचकून जाग्या झाल्या आणि बराच वेळ मुलाच्या उशाशी बसून राहिल्या. तसे अजूनही होते. पण सकाळी पाचला मुलाने हलवून उठवले, तेव्हा त्या चप्पल घालून निघाल्या. आमची पुढची भेट मृगाच्या आठवड्यात आहे.