वाचकांचे प्रश्न: जीपचा स्टार्टर जोर धरत नाही

प्रश्न: आम्ही निवृत्त सैनिक मिळून दुसऱ्या महायुद्धातली विलीज एमबी जीप दुरुस्त करतोय. बॅटरी नवी, तरी स्टार्टर मंद फिरतो. इंजिन उघडावं का?

उत्तर: घाई नको! स्पार्क प्लग काढून हँडलने इंजिन फिरवा. सहज फिरलं तर दोष बहुधा विजेच्या जोडणीत आहे. ही गाडी ६ व्होल्टची. तेवढ्याच कामाला १२ व्होल्टच्या दुप्पट करंट लागतो, म्हणून बारीक केबल आणि गंजलेले जोड इथे फार नडतात. नव्या रंगावरच अर्थिंग (बॅटरी आणि इंजिन चासीला जोडणारी तार) आवळलेलं असतं, हे तर हमखास; रंग आड आला की वीज नीट जात नाही. चासी आणि इंजिनावरच्या त्या जागा धातू चमकेपर्यंत घासा. स्टार्टर मारताना केबलच्या दोन टोकांना मल्टिमीटर लावा. अर्धा व्होल्ट दिसला तरी केबल बदला, जाड घ्या. १२ व्होल्टची बॅटरी मात्र जोडू नका, बल्ब जातील.